पोरगी फर्स्ट रशरच राहणार

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू मला झापलंस, नववीतल्या पोरीला हॉकीत बॉलच्या तोंडावर पळायला लावताय, तुम्हाला अक्कल आहे का म्हणून. त्यावर तेव्हा नीट बोलता आलं नाही, ताई शेजारीच बसलेली आणि तिचाही सूर तुझाच. म्हणून आता निवांत लिहालोय, पूर्ण वाच आणि मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

मॅच धारवाडकडच्या टीमबरोबर होती, ग्राउंड आपलं नेहमीचंच, मुरमाचं. शेवटच्या क्वार्टरला त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला, म्हणजे गोलच्या लाइनवरनं बॉल आत ढकलून गोलवर मारायची संधी. आमच्या चार पोरी आणि गोलकीपर लाइनच्या मागं, बाकीच्या सगळ्या सेंटरला. बॉल आत ढकलला की भाची सगळ्यांत आधी सुटते, फर्स्ट रशर म्हणजे हीच, सरळ ड्रॅग फ्लिक (स्टिकनं बॉल ओढत नेऊन जोरात फेकायचा फटका) मारणारीच्या अंगावर, कारण अँगल बंद करायचा तर तेवढाच एक रस्ता आहे. समोरची पोरगी उंच, मनगट लई जबरदस्त मर्दा. बॉल दीडशे ग्रॅमच्या वर असतो आणि दगडासारखा कडक, तो पाच मीटरच्या आतून आला तर डोळ्याला दिसतच नाही, नुसता आवाज येतो. पोटरीच्या बाहेरच्या बाजूला बसला, जिथं शिन गार्ड पोचत नाही बरोबर तिथंच. ती खाली बसली.

आमच्याकडची माणसं लगेच ओरडायला लागली, कार्ड द्या, कार्ड द्या. खरं कार्ड कशाचं? फ्लिक एकदम क्लीन होती. गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला असता तर डेंजरस धरून आम्हाला फ्री हिट मिळाली असती, गुडघ्याच्या खाली लागला म्हणजे परत कॉर्नर, नियमच तसा आहे. म्हणजे मार खायचा आमच्या पोरीनं आणि कॉर्नर परत त्यांनाच. कॉर्नर संपेपर्यंत बाहेरून बदली खेळाडू पण आणता येत नाही, गोलकीपर सोडली तर. सेंटरची एखादी पोरगी मागं बोलवून हिच्या जागी उभी करता आली असती, कॅप्टननं तसं विचारलंही.

आता ह्याच्या पुढचं नीट ऐक, ह्याच्यासाठीच पत्र लिहालोय. ती रडली नाही म्हणून सगळे कौतुक करालेत, मला त्याचं काही वाटत नाही, रडली असती तरी चाललं असतं. तिनं काय केलं, तर शिन गार्ड काढून स्वतःच्या बोटानं दाबून बघितलं, पायाचा चवडा वर खाली केला, आणि कोचना सांगितलं, सर हाड नाही, मांसात दुखतंय, पळता येतंय. कोचनी तरी त्याच पायावर उड्या मारायला लावल्या आणि मगच हो म्हटलं. फ्लिक मारणारी पोरगी जवळ येऊन विचारते, पेट्टु आय्ता? म्हणजे लागलं का? ही म्हणाली, एन आगिल्ल, काही झालं नाही, आणि गार्ड बांधून परत लाइनवर.

आणि परत पळाली ती त्याच लाइननं. अर्धं पाऊलसुद्धा बाजूला नाही. आपण पण खेळलोय की रे, आपल्याला माहीत आहे, एकदा लागल्यावर डोकं हो म्हणतं खरं पाय आपोआप तिरका पडतो. तिचा पडला नाही. ती एवढी अंगावर गेली की त्या पोरीला फ्लिक ओढायला लागली आणि बॉल पोस्टच्या बाहेर. मॅच आम्ही 2-1 नं हरलो ते वेगळं.

नंतर समोरच्या रसवंतीतनं बर्फ आणला. पोटरीवर बॉलच्या खळ्यांची नक्षी उठलेली, ठिपका न् ठिपका मोजून घ्यावा अशी, आणि कडेनं जांभळं पसरत चाललेलं. एक काका बाम घेऊन चोळायला बसले तर हिनंच त्यांचा हात धरला, काका आज चोळायचं नाही, आत रक्त साकळलंय, वाढेल. हे तिला कोचनी शिकवलंय आणि तिनं ते मोठ्या माणसाला तोंडावर सांगितलं, मला तर तेच लई भारी वाटलं.

1964 च्या टोकियो ऑलिंपिकच्या हॉकी फायनलच्या गोष्टी ऐकतच आपण वाढलो, मराठा लाइट इन्फंट्रीचा शंकर लक्ष्मण हेल्मेट नसताना गोलमध्ये उभा, पाकिस्तानवर 1-0, आणि त्याच टीममध्ये आपल्या बेळगावचे बंडू पाटील. खरं त्या गोष्टी सांगून आपली माणसं पोरांना काय शिकवतात, तर लागलं तरी बोलायचं नाही. हे मला अजिबात पटत नाही. लपवणारं पोर उद्या डोक्याला लागलं तरी लपवेल, आणि डोक्याचा मार म्हणजे त्या दिवशी खेळ बंद, कितीही रडू दे, हे मी तिला आणि कोचना दोघांना सांगून ठेवलंय. ही पोरगी बोलते, म्हणून मी तिच्यावर विश्वास टाकतो. न बोलणारी असती तर मीच तिला त्या जागेवरनं काढायला लावलं असतं.

तर जागा बदलायचं विसर. तुला एवढी काळजी आहे ना, मग पुण्याहून येताना कॉर्नरचा फेस मास्क आणि गुडघ्याचे पॅड बघून आण, साइज लहान, मास्क चष्म्यावर बसतो का ते विचारून घे, तिला नंबर लागलाय. पैसे मी देणार, त्यावरनं वाद घालू नको. आणि आलास की ताईशी तूच बोल, माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकते.

तुझाच,
मामा (सगळं ग्राउंड आता मला ह्याच नावानं हाक मारतं)