पगारी कारभारी

केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "तुमच्या गल्लीत गटार तुंबलं तर तुम्ही कुणाला पकडता?" मी म्हणालो, "कुणालाच नाही, फोनवरून फोटो टाकतो." त्यावर तू जो हसत सुटलास त्यात मूळ प्रश्न राहूनच गेला. आज रविवार आहे, बाहेर पाऊस आहे आणि आमच्या कोपऱ्यावरच्या जाळीवर मेपलची पानं साचून घोटाभर पाणी झालंय. फोटो टाकून झालाय. म्हटलं, आता तुला नीट लिहावं.

आमचं गाव तसं लहान. २०२० च्या जनगणनेत १ लाख १८ हजार माणसं, म्हणजे तुमच्या सांगली-मिरज-कुपवाडच्या पाव हिश्श्याच्या आसपास. बॉस्टनमधून नदीवरचा पूल ओलांडला की आलं केंब्रिज. हार्वर्ड आणि एमआयटी दोन्ही इथेच, त्यामुळे जगभर नाव, पण कारभार छोट्या शहराचा. शाळा, पोलीस, अग्निशमन, पाणी, ग्रंथालय, कचरा हे सगळं शहराकडे. बस आणि भुयारी रेल्वे राज्याच्या संस्थेकडे. जिल्हा फक्त नावाला उरलाय. आमच्या मिडलसेक्स काउंटीचं सरकारच राज्याने १९९७ मध्ये गुंडाळलं. जिल्हा परिषद बरखास्त करून टाकल्यावर कुणाला चुकल्यासारखंही वाटू नये, याची मला अजून गंमत वाटते.

कौन्सिलवर नऊ जण. दर दोन वर्षांनी, विषम सालातल्या नोव्हेंबरात निवडणूक. मतपत्रिकेवर पक्ष नाही, चिन्ह नाही. आणि आता बसून वाच: प्रभागही नाही. नऊच्या नऊ जण अख्ख्या गावातून निवडून येतात. "आमचा नगरसेवक" हा शब्दच इथे नाही.

महापौर कोण? तो या नऊ जणांनी आपल्यातूनच निवडायचा, तुमच्याकडच्यासारखाच. फक्त आरक्षणाची सोडत नाही. १९४८ मध्ये नऊ जणांचं एका नावावर जमेना, तर तेराशेच्या वर वेळा मतदान घेतलं म्हणतात आणि एप्रिल उजाडला. एवढं भांडून मिळवायचं काय, तर सभेचं अध्यक्षपद आणि शाळा समितीचं अध्यक्षपद. त्या समितीवर सहा जण लोकांनी निवडलेले, सातवा महापौर. मागे चार वर्षं सुंबुल सिद्दीकी महापौर होत्या. कराचीत जन्मलेल्या, लहानपणी आईवडिलांबरोबर इथे आल्या आणि इथल्याच सरकारी शाळांत शिकल्या. त्यांच्यानंतर २०२४ मध्ये डेनिस सिमन्स महापौर झाल्या.

खरी सूत्रं सिटी मॅनेजरच्या हातात. तुमच्या आयुक्तासारखा, पण एक मोठा फरक आहे. आयुक्ताला मुंबईहून सरकार पाठवतं. मॅनेजरला हे नऊ जण मुलाखत घेऊन, करार करून, पगार ठरवून नोकरीवर ठेवतात आणि पटलं नाही तर घरी पाठवू शकतात. २०२२ च्या सप्टेंबरपासून यी-आन हुआंग म्हणून गृहस्थ आहेत. त्याआधी ते बॉस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या कारभारात होते. म्हणजे ना मतं मागितलेली, ना सरकारी सेवेतली परीक्षा दिलेली. खातेप्रमुख नेमणं, अंदाजपत्रक मांडणं, रस्ता कधी खोदायचा हे ठरवणं, सगळं त्यांच्याकडे. अंदाजपत्रक आता एक अब्ज डॉलरच्या घरात गेलंय. गावातल्या केंडल स्क्वेअर भागातल्या औषध कंपन्या आणि प्रयोगशाळा भरपूर कर भरतात, म्हणून घरांवरचा कर सोसवतो. कौन्सिलला त्या अंदाजपत्रकात कात्री लावता येते, भर घालता येत नाही. ऐनवेळी आपल्या भागातल्या समाजमंदिराचा आकडा आत सरकवायची सोयच नाही.

तुला सगळ्यात झोंबेल ते पुढे. शहराच्या सनदेतच लिहिलंय की कौन्सिलरने मॅनेजरच्या हाताखालच्या माणसाला थेट हुकूम द्यायचा नाही. तू कसा सकाळी सातला आरोग्य निरीक्षकाला फोन लावून "अजून घंटागाडी का आली नाही" म्हणून झापतोस, तसं इथल्या कौन्सिलरने केलं तर तो नियमभंग. त्याने काय करायचं, तर सभेत ठराव मांडायचा: "मॅनेजरसाहेबांनी अमुक खात्याशी बोलून तमुक गोष्टीचा विचार करावा, अशी विनंती." विचार करावा! आणि तेवढ्यावरही एकट्या सभासदाला विषय पुढच्या सभेपर्यंत रोखून धरायचा हक्क आहे.

ही व्यवस्था १९४० मध्ये लोकांनी मतदान करून आणली. वशिलेबाजी आणि खोगीरभरती यांना कंटाळून आणली. त्याच सनदेबरोबर मतदानाची पद्धतही बदलली, आणि ती वाचताना मला २०१८ च्या महापालिका निवडणुकीतला तू आठवत राहिलास.

पद्धत तुझ्या ओळखीची आहे: विधान परिषदेची. पहिली पसंती, दुसरी पसंती, तिसरी. आमदार जेव्हा परिषदेवर माणसं पाठवतात तेव्हा जशी कोट्याची गणितं चालतात, तशीच, फक्त मत सामान्य माणसाचं. नऊ जागा, म्हणून वैध मतांचा दहावा भाग अधिक एक हा कोटा. वीस हजार मतं असली तर २,००१ ला माणूस निवडून आला. कोट्याच्या वरची मतं पुढच्या पसंतीकडे सरकतात. आपल्याकडे ती मूल्य काढून, अपूर्णांकात वाटली जातात. इथे अख्ख्या मतपत्रिकाच ठरावीक क्रमाने उचलून दुसऱ्याच्या गठ्ठ्यात ठेवायच्या. त्यामुळे गठ्ठा कुठल्या क्रमाने रचला यालाही महत्त्व, म्हणून मतदान केंद्रांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. मग तळाचा उमेदवार बाद, त्याची मतं पुढे. असं नऊ जण मिळेपर्यंत. १९९७ पासून हे संगणक करतो. त्याआधी शाळेच्या व्यायामशाळेत आठवडाभर हातमोजणी चालायची आणि हौशी मंडळी डबे घेऊन बघत बसायची.

अपक्ष म्हणून तू पडलास तेव्हा म्हणाला होतास, "चार जणांच्या प्रभागात पॅनेलपुढे माझी मतं मातीत गेली." इथे ती मातीत गेली नसती, लेका. कदाचित तूच आला असतास. नाहीतर निदान तुझ्या माणसांनी दुसरा कोण हवा ते ठरवलं असतं.

पोटनिवडणूक तर नाहीच. गेल्या वर्षी ऑगस्टअखेरीस जोन पिकेट या कौन्सिलर वारल्या. मग आधीच्या नोव्हेंबरात ज्या मतपत्रिकांवर त्या निवडून आल्या होत्या, तोच गठ्ठा पुन्हा काढला आणि पडलेल्या उमेदवारांमध्ये पुढच्या पसंतीने वाटला. कॅथी झूझी आल्या. दहा महिन्यांपूर्वी दिलेल्या मताने दुसऱ्यांदा काम केलं! न मंडप, न सभा, न सहानुभूतीची लाट.

आता इतकं शहाणपणाचं असून मतदानाला माणसं किती येतात? निम्म्याहून पुष्कळ कमी. मला याचं नवल वाटत नाही. प्रभाग नाही, पक्ष नाही, भांडण नाही, दारात कुणी हात जोडून येत नाही. आणि ज्याच्या हातात सगळं आहे तो मतपत्रिकेवर नाही. मीनलने २०२३ मध्ये नागरिक म्हणून पहिल्यांदा मत दिलं, तेव्हा वीसच्या वर नावं होती. रात्री जेवणाच्या टेबलावर नमुना मतपत्रिका पसरून बसली. वर आकड्यांचे रकाने, प्रत्येक नावापुढे लंबगोलांची ओळ. तिसऱ्या पसंतीपर्यंत झरझर आली, मग म्हणाली, "चौथ्याला ओळखतच नाही. आणि ओळख करून द्यायलाही कुणी आलं नाही."

भांडणं नाहीत हे मात्र मी खोटं लिहिलं. सोमवारी संध्याकाळी सभागृहात ये. दगडी इमारत, दुसरा मजला, लाकडी बाकं. सुरुवातीला कुणीही उठून बोलावं, नागरिक असो नसो. वेळ मिनिटांत मोजून मिळते आणि नावं जास्त झाली की तीही कापली जाते. सायकलमार्गांवरून मी इथे असा कालवा ऐकलाय की आपली सर्वसाधारण सभा फिकी पडावी. एक आजी घरून लिहून आणलेला कागद घेऊन उभ्या राहिल्या, चष्मा सापडेना, घड्याळ सुरूच. तो सापडून पहिलं वाक्य होईतो घंटी. खाली बसताना त्या माइकमध्येच पुटपुटल्या, "पार्किंग." त्यांचा मुद्दा सगळ्यांना कळला.

घरांचा विषयही तसाच. यंदा फेब्रुवारीत कौन्सिलने आठ विरुद्ध एक मतांनी ठरवलं की गावभर चार मजले चढवता येतील, आणि मोठ्या जागेत परवडणारी घरं ठेवली तर सहा. भाड्यावर नियंत्रण आणणं मात्र त्यांच्या हातात नाही. ते इथे होतं. १९९४ मध्ये अख्ख्या राज्याने मतदान करून काढलं. केंब्रिजचा कौल ते ठेवा असा होता, पण गाव राज्यापुढे काय करणार? ग्रीन कार्डवाल्यांना गावापुरतं मत द्यावं, अशी विनंतीही इथून एकदा सोडून अनेकदा गेलीय. राज्याच्या विधिमंडळाने अजून परवानगी दिलेली नाही. त्यामुळे मी अजून बाहेरचाच.

पूर्ण नाही म्हणा. २०१४ पासून शहर थोडी रक्कम बाजूला काढतं आणि ती कुठल्या कामांवर घालायची हे रहिवाशांनी मत देऊन ठरवायचं असतं. बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही मत, पासपोर्ट कुठला ते विचारत नाहीत. आमच्या ईशाने आणि मी एकाच दिवशी, ग्रंथालयातल्या टेबलावर, या गावातलं आमचं पहिलं मत दिलं. मी झाडांना दिलं. तिने कशाला दिलं ते सांगितलं नाही. "गुप्त मतदान असतं ना बाबा?"

चार नोव्हेंबरला इथली निवडणूक आहे. मीनलची यादी या खेपेस पाचपर्यंत गेलीय. आणि तुझं काय? २०२३ च्या ऑगस्टपासून तुमच्याकडे प्रशासकच बसलाय, म्हणजे सध्या तुमचाही कारभार न निवडलेल्या माणसाकडेच की! सोडतीत तुझ्या प्रभागाला काय येतंय ते लगेच कळव. अपक्ष उभा राहतोयस की या वेळी पॅनेलमध्ये जातोयस, तेही.

वहिनींना सांग, चकल्या गेल्या वर्षी कस्टममधून सुखरूप आल्या, पण निम्म्यांचा चुरा झाला होता. या वेळी डब्यात कागद कोंबून पाठवायला सांग. काकांना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत

ता.क. आत्ता खाली जाऊन आलो. जाळीवरची पानं कुणीतरी काढलीत. शहराच्या माणसाने की शेजारच्या म्हाताऱ्याने, कळायला मार्ग नाही. फोनवर मात्र तक्रार अजून "उघडी" दिसतेय.