चेन थांबवू न शकणाऱ्या चेनसॉबाबत तक्रार

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
कंपनीचे मुख्य कार्यालय.

विषय : टॉप हँडल चेनसॉचा निकामी चेन-ब्रेक, सेवा केंद्राची हयगय आणि ग्राहक सेवा प्रतिनिधीचे आक्षेपार्ह बोलणे.

महोदय,

आज दुपारी आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी माझे सहाव्यांदा बोलणे झाले. दूरध्वनीवरून आता काही निष्पन्न होणार नाही याची त्या बोलण्यानंतर खात्री पटल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. महाशिवरात्रीच्या आठवड्यात जळगाव येथील आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून मी घेतलेल्या टॉप हँडल चेनसॉचा, म्हणजे झाडावर वापरायच्या वर मूठ असलेल्या साखळी-करवतीचा, ब्रेक लावल्यावरही चेन फिरत राहते. माझी मुख्य तक्रार एवढीच आहे, आणि सहा वेळा सांगूनही आपल्या एकाही माणसाने ती जशीच्या तशी लिहून घेतलेली नाही.

मी गेली १४ वर्षे यावल, रावेर आणि चोपडा तालुक्यांत झाडांची छाटणी करण्याचे आणि घरांवर, गोठ्यांवर झुकलेली धोक्याची झाडे वरून तुकड्यातुकड्यांनी उतरवण्याचे काम करतो. मृगाच्या आधीचे दोन महिने हा आमचा खरा हंगाम असतो, कारण वादळात बांधावरच्या निंबाची किंवा बाभळीची फांदी केळीवर पडली तर वर्षभराची मेहनत एका रात्रीत आडवी होते, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. अशा कामासाठी यंत्र निवडताना आम्ही आधी त्याची ताकद पाहत नाही. सुटा भाग जळगावात मिळतो का, उन्हात तापलेले इंजिन पुन्हा सुरू होते का, आणि चेन थांबवायची म्हटल्यावर थांबते का, हे तीन प्रश्न मी आपल्या विक्रेत्याला खरेदीपूर्वी विचारले होते. तिन्हींची उत्तरे त्याने ‘हो’ अशी दिली. माझे वडील जन्मभर कुऱ्हाडीने काम करत आले. ते तेव्हा म्हणाले होते की कुऱ्हाड हातातून सुटली तर खाली पडते, हे मशीन सुटले तरी फिरत राहते. मी त्यांना दुकानातच मुठीसमोरचे, हात वाचवणारे संरक्षक पाते पुढे ढकलून दाखवले आणि यावर ब्रेक असतो, चेन तिथल्या तिथे थांबते, असे समजावले. त्या शब्दाची लाज आज मला वाटते.

आखाजीनंतरच्या (अक्षय्य तृतीयेनंतरच्या) आठवड्यात एका घरामागच्या चिंचेवर माझा भाचा सुमारे ३० फूट उंचीवर काम करत होता. फांदी कापून झाल्यावर त्याने नियमाप्रमाणे पाते पुढे ढकलून ब्रेक लावला, मशीन कमरेजवळच्या पट्ट्याला लोंबते ठेवले आणि पाय बदलण्यासाठी तो वळला. इंजिन नुसते मंद चालू होते. तरीही चेन फिरत होती आणि ती त्याच्या कमरेच्या दोराला घासली. खरखर ऐकून त्याने बटण दाबून मशीन बंद केले, तोपर्यंत दोराचे वरचे आवरण कापले जाऊन आतली पोलादी तार उघडी पडली होती. तो दोर पोलादी गाभ्याचा होता, कारण चेनसॉ घेऊन चढणाऱ्याने नुसत्या नायलॉनच्या दोरावर विसंबू नये हे मी अनुभवी माणसांकडून शिकलो आहे. त्याला वरून बांधलेला दुसराही दोर होता. म्हणून तो पडला नसता असे कोणी म्हणेल, पण जी चेन कमरेच्या दोरापर्यंत पोहोचली ती त्या दोरापर्यंतही पोहोचली असती, आणि मांडी तर त्याहून जवळ होती. खाली उतरल्यावर तो माझ्याशी कितीतरी वेळ बोलला नाही. माझ्या बहिणीला ही गोष्ट मी अजून सांगू शकलेलो नाही.

इंजिन का बंद केले नाही, असा प्रश्न आपल्याकडून विचारला गेला. बंद करणे अधिक चांगले, हे मला मान्य आहे. पण मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा तापलेल्या कार्बोरेटरमधले पेट्रोल वाफ होते आणि एकदा बंद केलेले मशीन झाडावर एका हाताने दोरी ओढून लवकर सुरू होत नाही. म्हणून फांदी बदलताना मुले ते मंद चालू ठेवतात. अशाच वेळी चेन हलू नये यासाठी ब्रेक दिलेला असतो आणि जागा बदलताना तो लावावा असे आपलीच माहितीपुस्तिका सांगते.

आपल्या तंत्रज्ञांना हे सांगण्याची गरज नसावी, तरी नोंद राहावी म्हणून लिहितो. मंद गतीवर क्लच सुटलेला असायला हवा आणि चेन स्थिर असायला हवी. ती फिरत असेल तर क्लचची स्प्रिंग सैल किंवा तुटलेली असण्याची शक्यता असते, नाहीतर मंद गती जास्त लावलेली असते. पण ब्रेक लावल्यावरही ती फिरत असेल तर क्लचच्या ड्रमला आवळणारा ब्रेकचा पट्टा धरत नाही, असाच त्याचा अर्थ होतो. म्हणजे या यंत्रात एक नव्हे तर दोन दोष आहेत. चेन ज्या पट्टीभोवती फिरते त्या बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून तोंडाकडे येते. त्या क्षणी माणूस काहीही करण्याआधी हाच पट्टा चेन थांबवतो. तो धरत नसेल तर बाकीचे यंत्र कितीही चांगले असले तरी ते माणसाच्या हाती देण्यालायक नाही.

हे सगळे मी जळगावच्या सेवा केंद्रात समक्ष करून दाखवले. मशीन घट्ट धरले, क्षणभर पूर्ण वेग दिला, मनगटाने पाते ढकलले, आणि तिथल्या मेकॅनिकच्या डोळ्यांसमोर चेन फिरत राहिली. त्याने मान हलवली आणि मशीन ठेवून घेतले. १९ दिवसांनी, म्हणजे ऐन हंगामातले १९ दिवस गेल्यावर, ते परत मिळाले तेव्हा चेनला धार लावलेली होती, एअर फिल्टर धुतलेला होता आणि मंद गतीचा स्क्रू कमी केलेला होता. या कामाचे ६५० रुपये माझ्याकडून घेतले गेले, आणि हे यंत्र वॉरंटीत आहे. ब्रेकच्या पट्ट्याला कोणी हात लावला नव्हता. घरी येऊन मी तीच तपासणी केली आणि चेन पुन्हा फिरतच राहिली. स्क्रू कमी केल्यामुळे मंद गतीवर ती आता दिसायला थांबते, पण जरासा वेग दिला की ब्रेक असूनही धावते. याचा अर्थ दोष झाकला गेला, काढला गेला नाही, आणि झाकलेला दोष उघड्या दोषापेक्षा अधिक घातक असतो.

याच विक्रेत्याने आपल्याच कंपनीचा चिपर (फांद्यांचे बारीक तुकडे करणारे यंत्र) आणि चढताना अंगाला बांधायचा पट्टा, म्हणजे हार्नेसही मला दिला, त्याविषयी थोडक्यात लिहितो. चिपरच्या पात्यांची एक जोडी बाभळीच्या लाकडावर बोथट झाली, ते साहजिक आहे. पण नवी जोडी मागवून सात आठवडे झाले तरी ती आलेली नाही आणि छाटलेल्या फांद्या मी पुन्हा ट्रॅक्टरने वाहून नेत आहे. हार्नेसच्या शिवणीबद्दल माझी तक्रार नाही. मात्र त्यावर आयएस ३५२१ (भारतीय) किंवा ईएन ३५८ (युरोपीय) यांपैकी सुरक्षा पट्ट्यांच्या कोणत्याही मानकाची खूण नाही. ज्या पट्ट्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो तो कोणत्या कसोटीला उतरला आहे हे त्यावर लिहिलेले असायलाच हवे. तो हार्नेस मी कोणालाही वापरू देत नाही.

आता आजच्या बोलण्याविषयी. ते मला तपशिलाने लिहिणे भाग आहे, कारण आपण त्याचे ध्वनिमुद्रण करता असे प्रत्येक वेळी सुरुवातीला सांगितले जाते, आणि ते ध्वनिमुद्रण आपण स्वतः ऐकावे अशी माझी मागणी आहे. दुपारी सव्वाबाराला मी फोन लावला. २५ मिनिटे संगीत ऐकल्यावर एक गृहस्थ बोलू लागले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकता हा. आधीच्या पाचही वेळी हाच प्रश्न विचारला गेला होता. मी पाचही वेळा दिलेले उत्तर पुन्हा दिले, लिटरला २० मिलिलिटर, आपल्या पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे, आणि ब्रेकच्या पट्ट्याचा ऑइलच्या प्रमाणाशी काहीही संबंध नाही हेही सांगितले. ते म्हणाले, “मशीन कापते का?” मी म्हणालो, कापते. ते म्हणाले, “मग तक्रार काय आहे?” मी सांगितले की ते थांबत नाही. काही क्षण शांततेत गेले. मग ते म्हणाले, “पण कापते ना?”

मी आवाज न चढवता चिंचेवरची सगळी घटना सांगितली. त्यावर ते म्हणाले की झाडावर चढून वापरायला कंपनीने सांगितलेले नाही. महोदय, आपण विकत असलेले टॉप हँडल यंत्र झाडावर चढून काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसासाठीच बनवलेले असते, ते जमिनीवर वापरू नये असा इशारा आपल्याच पुस्तिकेत छापलेला आहे, आणि अशा यंत्रांसाठी आयएसओ ११६८१ या चेनसॉच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकाचा दुसरा भाग स्वतंत्रपणे आहे. आपल्या कंपनीच्या वतीने बोलणाऱ्या माणसाला आपली कंपनी काय विकते हेच ठाऊक नव्हते. मी पुस्तिकेतले ते वाक्य त्यांना वाचून दाखवले. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतले आणि मग जे म्हटले ते मी शब्दशः लिहितो : “दादा, तुमच्या गावाकडे तर लोक ब्रेक काढूनच टाकतात, त्यांना काही होत नाही. तुम्ही पण काढून टाका, कटकट मिटेल.”

हे वाक्य ऐकल्यापासून मी दुसरे काम करू शकलेलो नाही. आमच्या भागात काही लोक ब्रेक काढून टाकतात हे खरे आहे. बिघडलेला ब्रेक मध्येच अडकतो, त्याचा सुटा भाग मिळत नाही आणि मजुरी बुडते, म्हणून ते तसे करतात. त्यांना काही होत नाही हे मात्र खोटे आहे. या धंद्यात मी हाताची बोटे गमावलेली माणसे पाहिली आहेत आणि हनुवटीपासून कानापर्यंत व्रण असलेला एक माणूस माझ्याच गावात राहतो. सुरक्षेचा भाग काढून टाकण्याचा सल्ला तो भाग बनवणाऱ्या कंपनीकडून मिळावा, आणि तो ‘तुमच्या गावाकडे’ असे म्हणून मिळावा, याचा अर्थ खानदेशातल्या माणसाच्या हाताचे मोल आपल्या लेखी कमी आहे असा मी घेतला तर त्यात माझी चूक काय? हाच सल्ला आपल्या प्रतिनिधीने पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला दिला असता का? मी त्यांचे नाव विचारले तेव्हा फोन बंद झाला.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. हे यंत्र बदलून द्यावे. दुरुस्तीसाठी ते मी पुन्हा सेवा केंद्रात ठेवणार नाही. घेतलेले ६५० रुपये परत करावेत, चिपरची पाती तातडीने पाठवावीत आणि हार्नेस परत घेऊन त्याची किंमत द्यावी. त्याचबरोबर, माझ्या यंत्राच्या उत्पादन क्रमांकाच्या आसपासची जी यंत्रे या जिल्ह्यात विकली गेली आहेत त्यांचे ब्रेक तपासावेत. ही मागणी मी माझ्यासाठी करत नाही. माझ्या शब्दावर रावेरच्या एकाने आणि चोपड्याच्या एकाने हेच यंत्र घेतले आहे. मी दोघांनाही फोन करून ते वापरू नका असे सांगितले, आणि तेव्हा रावेरच्या गड्याने मला विचारले की मग हंगामात आम्ही काय करायचे. त्याला देण्यासाठी माझ्याकडे उत्तर नव्हते, ते आपण द्यायला हवे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मी जळगाव जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. धंद्यासाठी घेतलेली वस्तू म्हणून मी ग्राहक ठरत नाही असे आपला वकील म्हणू शकेल. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वस्तू विकत घेऊन स्वतः वापरणारा माणूस ग्राहकच असतो, आणि सदोष उत्पादनामुळे होणाऱ्या हानीची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे स्वतंत्र प्रकरण त्या कायद्यात आहे. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, त्यामुळे आपल्याला जळगावला यावे लागेल. माझ्यासारख्याला कोर्टकचेरीची हौस नाही. पण एका दोराच्या तारेवर माझा भाचा वाचला आहे, आणि आपण गप्प राहिलात म्हणून मी गप्प राहणार नाही.

यंत्राची चेन काढून मी ते पोत्यात बांधून घरी ठेवले आहे आणि उघडी पडलेली तार दिसणारा तो दोरही जपून ठेवला आहे. बिल, वॉरंटी कार्ड आणि सेवा केंद्राची पावती यांच्या प्रती या पत्रासोबत जोडल्या आहेत. आपला अभियंता पाठवा. तो येईल त्या दिवशी मी चेन चढवून देईन, यंत्र त्याच्या हातात देईन आणि ब्रेक त्यालाच लावायला सांगेन.

आपला ग्राहक,
झाड छाटणी व्यावसायिक,
ता. यावल, जि. जळगाव