पेरू उपटायचं काम

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. मॉरिशसच्या फील्ड कोर्सला पक्ष्यांच्या गटात नाव आलं नाही, तण काढणाऱ्यांत टाकलंय, म्हणून हिरमुसलीस. एवढी फी भरून पेरू उपटायला जायचं का, असं विचारतेस. इतकी वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवल्यावर मला वाटतं, त्या बेटावरचं सगळ्यात मोलाचं काम तुझ्या वाट्याला आलंय.

तो आपल्या परसातला पेरू नव्हे. मूळचा ब्राझीलचा, लहान लाल फळांचा चिनी पेरू. ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या रानात तो इतका दाट माजतो की खाली उजेड पोचत नाही. मूळच्या झाडांची रोपं उगवली तरी तगत नाहीत. आपल्याकडे रानमोडी माजते ना, तसंच. माकडं, रानडुकरं आणि शिपाई बुलबुल फळं खातात आणि बिया रानभर टाकतात. यांतलं कुणीच त्या बेटाचं नाही. बुलबुल, साळुंकी, मुंगूस तर भारतातून तिकडे गेलेले! ओळखीचा बुलबुल दिसला की तुला आनंद होईल, होऊ दे. पण तो तिथे काय करतोय तेही बघ. चांगल्या अवस्थेतलं मूळ जंगल त्या बेटावर आता 2 टक्केही उरलेलं नाही.

आणि तुझा तो मॉरिशस केस्ट्रेल, तिथला छोटा ससाणा. 1974 साली रानात 4 पक्षी माहीत होते. जंगल गेलं होतं, मलेरियासाठी फवारलेलं डीडीटी अंगात भिनलं होतं. कार्ल जोन्स या जीवशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी घरट्यातली अंडी काढून उबवली, कारण पहिली गेली की मादी पुन्हा घालते. पिल्लं वाढवून सोडली आणि जात वाचली. पण सोडलेला पक्षी खाणार काय? मुख्यतः हिरव्या पाली. त्या राहतात देशी झाडांवर, त्यांच्या फुलांतला मध चाटतात. म्हणजे पेरू काढणारीही पक्ष्याचंच काम करतेय.

इल-ओ-झेग्रेतला नेतील तेव्हा मात्र घाई करू नकोस. जेमतेम 26 हेक्टरचं प्रवाळखडकाचं बेट. तिथली एबनी, म्हणजे काळ्या कठीण लाकडाची झाडं, माणसांनी तोडली. मॉरिशसची स्वतःची मोठी कासवंही माणसांनी आणि त्यांनी आणलेल्या जनावरांनी संपवली. फळं गिळणारं कुणी उरलं नाही, तशी ती झाडाखालीच पडून राहू लागली. 2000 साली तिथे सेशेल्समधल्या अल्दाब्रा बेटाची मोठी कासवं सोडली, मेलेल्यांच्या जागी. ती एबनीची फळं गिळतात, चालत चालत बिया लांब टाकतात, आणि पोटातून गेलेली बी जास्त चांगली रुजते. परवानगी मिळाली तर वाळलेली विष्ठा काडीने फोडून बघ. बिया मोज, कोवळी रोपं आईझाडापासून किती पावलांवर आहेत ते लिही. रात्री झोपण्याआधीच लिही. दुसऱ्या दिवशी वही खोटं बोलायला लागते.

डोडोबद्दल काही सांगत नाही. त्याचा सांगाडा पोर्ट लुईच्या संग्रहालयात दिसेलच, आणि त्याच्यासमोर सगळेच थांबतात.

निघण्याआधी बुटांच्या तळव्यातली माती खरवडून काढ. खाचेत अडकलेली एक बीसुद्धा तिकडे न्यायची नाही. पेरू नुसता कापू नकोस, बुंध्यातून पुन्हा फुटतो. लहान रोपं मुळासकट काढ. आणि शेजारच्या मूळ रोपाला धक्का लागतोय का, हे आधी हाताने चाचपून घे. पानं ओळखता आल्याशिवाय विळा उचलायचा नाही.

ब्लॅक रिव्हरच्या भागात मराठी वस्ती आहे. ऊसमळ्यांवर नेलेल्यांची ती नातवंडं-पतवंडं. गणपतीत तिथे असलीस तर जरूर जा. चतुर्थीची तिथे सरकारी सुट्टी असते.

तण काढलेला एक चौकोन आणि न काढलेला एक, दोन्हींतली देशी रोपं मोजून मला आकडे पाठव. बाबा विचारतायत, गमबूट इथून पाठवू का?

तुझी,
आई