डॉनर खिंडीतला बोगदा

सॅक्रामेंटो, रविवार

प्रिय सुध्या,

परवा डॉनर खिंडीत जाऊन आलो आणि तुझी फार आठवण झाली. खंडाळ्याच्या बोगद्यात गाडी शिरली की आपण ओरडायचो, तसा इथं एकटाच ओरडलो!

सिएरा नेवाडाच्या माथ्यावर, सुमारे ७,००० फुटांवर, १,६५९ फुटांचा हा रेल्वेचा बोगदा, अमेरिकेचा पूर्व-पश्चिम भाग जोडणाऱ्या पहिल्या रेल्वेमार्गावरचा. १९९३ पासून गाड्या बंद आहेत, आत चालत जाता येतं. भिंतीवर टॉर्च धरला की ग्रॅनाइटमध्ये अर्धगोल खोबणी दिसतात, सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांची. एकानं पहार धरायची, दोघांनी आळीपाळीनं घण घालायचे, दर घावाला पहार जराशी फिरवायची. दिवसाकाठी जेमतेम फूटभर काम सरकायचं. म्हणून मधोमध विहीर खणून चार तोंडांनी खोदाई चालवली. एका खोबणीत मी अंगठा ठेवून पाहिला, बरोबर बसला. कितीतरी वेळ तिथून हलवेना.

खणणारे बहुतेक ग्वांगडोंगहून आलेले चिनी. त्यांना गोऱ्यांपेक्षा कमी पगार, शिवाय जेवणखाण पदरचं. जून १८६७ मध्ये त्यांनी संप केला, तेव्हा रेल्वे कंपनीचा बांधकामप्रमुख चार्ल्स क्रॉकर यानं त्यांची रसदच तोडली आणि संप मोडला. वाचताना माझ्या पोटात तुटलं.

लिंकननं १८६२ मध्ये या रेल्वेच्या कायद्यावर सही केली, १८६३ मध्ये सॅक्रामेंटोत काम सुरू झालं. त्याच वर्षी आपल्या बोरघाटातून गाडी धावू लागली, बघ. १० मे १८६९ ला युटातल्या प्रोमॉन्टरीला दोन्हीकडचे रूळ भिडले, सोन्याचा खिळा ठेवला आणि देशभर तार गेली, 'झालं'.

त्याआधी, २८ एप्रिलला, एका दिवसात १० मैल रूळ टाकले होते. त्या दिवशी रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश मजुरांची नावं आजही सापडतात. चिन्यांची मात्र नाहीत. पगारपत्रकात बहुतेक ठिकाणी फक्त मुकादमाचं नाव, बाकी नुसती माणसं मोजलेली. मला हे फार लागलं रे. बोरघाट फोडणाऱ्या आपल्या लोकांपैकी तरी कुणाची नावं आपल्याला सांगता येतील?

तू येशील तेव्हा जुलै-ऑगस्टात ये, आधी बर्फ असतं. चांगला टॉर्च आण आणि जाड तळव्याचे बूट, आत पाणी ठिबकतं. काकूंना नमस्कार.

तुझा,
विन्या