पायांच्या खरजेवरील उपचार : रविवारी सर्व घोडे आणावेत

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आपल्या यॉर्कशायरच्या तबेल्यातील शायर व क्लाइड्सडेल या जातींच्या घोड्यांच्या पायांवरील कोरिऑप्टिस माइटवर (खरूज आणणाऱ्या अतिसूक्ष्म किड्यांवर) पशुवैद्य येत्या रविवारी सकाळी ९ वाजता मागच्या अंगणात उपचार करतील. रात्रभर पाय आपटणारा घोडा खोडकर नसतो. घोट्यावरचे केस बाजूला सारून पाहावे, खाली खपल्या दिसतात.

शनिवारपर्यंत गुडघ्याखालचे केस कातरावेत, कारण दाट केसांतून औषध कातडीपर्यंत नीट पोहोचत नाही. प्रदर्शनासाठी राखलेले केस कापणे जिवावर येते, याची जाणीव आहे.

खाज नसलेला घोडाही आणावाच. माइट पेंढ्यात काही आठवडे तग धरतात, म्हणून जुना पेंढा त्याच दिवशी काढावा. खरारे एकमेकांना देऊ नयेत. अंडी औषधाने मरत नसल्याने पशुवैद्य सांगतील तो दुसरा उपचार चुकवू नये.

— सचिव