आईच्या शंकेचे उत्तर

तीर्थरूप बाबा आणि आई यांस
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलेस की बाबांच्या पायांवरचा इसब आधीच वरचेवर पिकतो, त्यात प्रतिकारशक्ती आवरणारे इंजेक्शन घेतले तर तो आणखी चिघळणार नाही का. तुझी शंका रास्त आहे. पण नागपूरच्या डॉक्टरांनी सुचवलेल्या डुपिलुमॅबच्या बाबतीत गोष्ट जवळजवळ उलटी आहे.

या इसबात प्रतिकारशक्ती दुबळी नसते, तिची एक बाजू भलतीकडे भडकलेली असते. इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१३ या नावांचे तिचे दोन निरोपे त्वचेची वीण सैल करतात, त्वचेतली जंतूंना मारणारी प्रथिनेही घटवतात, आणि मग त्या भेगांत स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू ठाण मांडतो. डुपिलुमॅब फक्त या दोघांचे निरोप पोहोचू देत नाही. म्हणूनच चाचण्यांत ते घेणाऱ्यांना त्वचेचे जंतुसंसर्ग इतरांपेक्षा कमी झाले. अमेरिकेत २०१७ पासून ते इसबासाठी वापरात आहे. पहिल्या वेळी ६०० मिलिग्रॅम आणि पुढे दर दोन आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम कातडीखाली देतात. डोळे लाल होऊन चुरचुरले, तर मात्र लगेच कळवायचे.

तुझी भीती खरी ठरते ती इसबावरच देतात त्या उपाडासिटिनिबसारख्या गोळ्यांबाबत. त्यांनी नागीण उठू शकते, दबलेला क्षय डोके वर काढू शकतो, आणि पासष्टी ओलांडलेल्या, वर्षानुवर्षे बिडी ओढलेल्या माणसाला हृदयविकाराचा व रक्ताच्या गुठळ्यांचा धोका अधिक असतो. बाबा, बिडी सोडलीत हे चांगलेच केलेत, पण ती मागची वर्षे हिशेबातून जात नाहीत. म्हणून त्या गोळ्या नकोत, असे माझे मत आहे.

मला खरी काळजी वाटते ती मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या त्या ट्यूबची. तीत स्टिरॉइड, बुरशीचे औषध आणि अँटिबायोटिक एकत्र आहे. स्टिरॉइडने खाज दबते, पण वावरातल्या घामाने मांड्यांत झालेला नायटा आतल्या आत पसरतो आणि त्याचे रूपही ओळखू येत नाही. नायट्यावर हे महागडे इंजेक्शन काही कामाचे नाही. म्हणून आधी कातडी खरवडून बुरशीची तपासणी करून घेऊ, इंजेक्शनचे त्यानंतर ठरवू.

कापसाचा हा वेचा आटोपला की दोघेही नागपूरला या. ट्यूबचे खोके टाकू नका, सोबत आणा. त्यावरची औषधांची नावे डॉक्टरांना पाहायची आहेत.

तुमची,
माई