मेंदू नसला तरी निवड असते

महोदय,

वनस्पतींच्या बुद्धीवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. मेंदू नाही, चेतातंतू नाहीत, मग निर्णय कसला, असा त्याचा सूर आहे. तो मला पटत नाही.

कोपरीत आमच्या इमारतीला कोयनेलचं कुंपण आहे. दोन वर्षं झाली, त्यावर अमरवेल पसरली आहे. पिवळ्या दोऱ्यासारखं तिचं टोक हवेत चाचपडत असतं, रोज सकाळी मी ते बघते. ही वेल दुसऱ्या झाडाचा रस शोषून जगते, म्हणून तिचं बी रुजलं की काही दिवसांत असं झाड गाठावं लागतं, नाहीतर रोप वाळतं. २००६ मध्ये अमेरिकेत संशोधक कॉन्सुएलो डी मोराएस आणि सहकाऱ्यांनी अमरवेलीच्या एका जातीची कोवळी रोपं टोमॅटो आणि गहू यांच्यामध्ये ठेवली. बहुतेक टोमॅटोकडे वळली. झाड न ठेवता टोमॅटोचा नुसता वास ठेवला, तरी तिकडेच! गव्हाच्या वासातल्या एका द्रव्यापासून तर ती लांब राहिली. दोन वाटांतली एक धरली, दुसरी सोडली. याला निर्णय नाही तर काय म्हणायचं?

वेलीला मन आहे, तिला दुःख होतं, असं मी म्हणत नाही. तसं लिहिणाऱ्यांनी या विषयाचं नुकसानच केलंय.

मुळाचं टोक खालच्या पातळीवरच्या, साध्या प्राण्यांच्या मेंदूसारखं काम करतं, असं डार्विननं १८८० मध्येच लिहिलं होतं. ओल कुठे, दगड कुठे, खाली कुठे, हे सगळं ताडून मूळ वळतं. गेल्या जुलैत आमच्या गल्लीतला सोनमोहर आडवा झाला. पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडवलेले. उपटलेला बुंधा मी जवळून पाहिला. रस्त्याच्या बाजूला मनगटाएवढी दोनच मुळं, तीही कधीतरी तोडलेली. बाकी सगळा जुडगा गटाराच्या भिंतीला चिकटून तिच्या फटींत शिरलेला. पाणी तेवढंच उरलं होतं, झाड तिकडे गेलं. एका अंगावर किती दिवस तग धरणार? ते पडल्यावर ‘किडकं होतं’ म्हणून सगळे मोकळे झाले. खोड आतून चांगलं पांढरं होतं.

आता त्याच गल्लीत पदपथाचं काम पुन्हा निघालं आहे. सहा झाडं उरलीत. त्यांच्या खोडाभोवती निदान मीटरभर माती उघडी ठेवावी आणि खणताना मुळं तोडू नयेत, ही मागणी आपल्या वृत्तपत्रातून संबंधितांपर्यंत पोहोचवावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)